नाव वर्गात, मी ओट्यापाशी

प्रिय सुनंदाताई,

काल दुपारी मी साठ-पासष्ट अनोळखी माणसांसमोर तुमचं नाव घेतलं. तुम्हाला न विचारता. आणि जी गोष्ट तुम्ही असेपर्यंत घरातसुद्धा कोणाला कळू दिली नाहीत, ती भर वर्गात सांगून मोकळी झाले. तेव्हा म्हटलं, निदान तुम्हाला तरी कळवावं. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, पत्र कुठे पाठवणार, हे सगळं मला समजतं. पण मला आत्ता कोणावर तरी चिडायचंय, आणि या घरात माझी चिडचिड शेवटपर्यंत ऐकून घेणारं माणूस तुम्हीच होतात. तुमचा भाऊ ऐकत नाही. मी तोंड उघडलं की संदीप टीव्हीचा आवाज वाढवतो.

त्याचं असं झालं. गेल्या सोमवारी कल्याणच्या अभ्यासकेंद्रातून सबनीस मॅडमचा फोन आला. मी नौपाड्यात, क्लिनिकच्या काउंटरवर. समोर एक आजोबा रिपोर्ट नाचवतायत, आतून डॉक्टर बेल वाजवतायत.

"वैशालीताई, रविवारी नव्या बॅचचा पहिला ऑनलाइन वर्ग आहे. आपण पंधरा मिनिटं बोलायचं. विषय आहे, ऑनलाइन वर्गातला यशस्वी विद्यार्थी कसा असतो."

"मी बोलू?"

"आपणच! घर, नोकरी सांभाळून त्रेचाळिसाव्या वर्षी बी.ए. झालात, तेही एकदाही नापास न होता. नव्या विद्यार्थ्यांना प्रेरणा मिळेल."

प्रेरणा! माझ्याकडून! ताई, तुम्ही असतात तर तोंडाला पदर लावून हसला असतात. मला नाही म्हणायचं होतं. पण त्या आजोबांनी रिपोर्ट माझ्या नाकासमोर धरला आणि मी "हो मॅडम, हो" म्हणून फोन ठेवला.

मग आठवडाभर कागद घेऊन बसले. पहिला मुद्दा लिहिला, 'नियमित हजेरी'. पुढे पेन हलेना. हे करा म्हणून जे जे सुचायचं, त्यात तुम्ही दिसायचात. हे टाळा म्हणून जे सुचायचं, त्यात मी.

मुळात या फंदात मला पाडलं कोणी? तुम्हीच ना? चार वर्षांपूर्वी एका सकाळी चहा पिता पिता म्हणालात, "वैशाली, तुझे दोन फोटो दे गं. आणि बारावीची मार्कशीट."

"कशाला?"

"एक फॉर्म आहे."

मला वाटलं रेशनकार्डाचं काहीतरी असेल. दिले. संध्याकाळी तुम्ही कल्याणहून पेढे घेऊन आलात आणि म्हणालात, "आपण दोघी बी.ए. करतोय. मुक्त विद्यापीठ. शनिवार-रविवार मोबाइलवर वर्ग, कल्याणला जाऊन फक्त परीक्षा द्यायची."

मी किती भडकलेले आठवतंय? "मला विचारलं का कोणी? सकाळी डबे, दिवसभर क्लिनिक, संध्याकाळी परत ओटा. त्यात बी.ए. कुठे घुसवू?" तुम्ही शांतपणे पेढ्याचा खोका पुढे केलात. "बारावीत तुला चांगले मार्क होते, मार्कशीट बघितली मी आत्ता," म्हणालात. लग्नाला वीस वर्षं झालेली, या घरात माझी मार्कशीट बघणारं पहिलं माणूस तुम्ही. म्हणून तर राग आला. ती मार्कशीट मी स्वतः विसरायला निघालेले, ताई.

तुमचं मला समजत होतं. डोंबिवलीच्या त्या कॉलेजात सव्वीस वर्षं शिपाई. वर्गाच्या दाराशी जायचं, "सर, नोटीस" म्हणायचं, वाचून होईपर्यंत तिथे उभं राहायचं आणि बाहेर यायचं. चोविसाव्या वर्षी सासर सोडून भावाकडे कोपरीला आलात, त्यानंतर तेवढंच शिक्षण तुमच्या वाट्याला आलेलं, दारात उभं राहून जेवढं ऐकू येईल तेवढं. एकदा तुम्हीच सांगितलेलं की एक बाई पानिपत शिकवत होत्या, तुम्ही नोटीस घेऊन तशाच उभ्या राहिलात, आणि त्या म्हणाल्या, "झालं ना? जा आता." पानिपतात पुढे काय झालं ते कळायला तुम्हाला आमची प्राची सातवीत जाईपर्यंत थांबावं लागलं. पदवी मिळाली की क्लार्कच्या जागेला अर्ज करता येणार होता, हेही होतंच. पण त्यात मला कशाला ओढलंत? एकटीने नाही करता आलं?

आणि केलंत तरी कसं! त्या मोबाइलच्या वर्गापायी तुम्ही घराचं काय करून ठेवलेलंत!

वर्ग सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी पंखा बंद. "आवाज जातो." मे महिना, कोपरीतल्या दोन खोल्या, आणि पंखा बंद! मिक्सर लावायचा नाही. कुकर लावायचा नाही, शिट्टी वर्गात ऐकू जाते. संदीपने निम्म्या रविवारी सकाळचा गार भात खाल्ला. पलंगावर बसून चालणार नाही, झोप येते, म्हणून शिवणयंत्र बंद करून त्याचं टेबल केलंत. आणि साडी बदलायचात! घरातली साडी सोडून इस्त्रीची साडी, केस विंचरून, चष्मा पुसून.

"अहो ताई, एवढ्याशा चौकोनात दिसता तुम्ही. साडी कोणाला कळणार?"

"मला कळते ना."



प्राची म्हणाली, "आत्या, मी लिंक चालू करून देते." तर नाही. "तू एकदा दाखव, मी लिहून घेते. मग तू बघायचं नाहीस." मग वहीत पाच ओळी. कुठलं बटण दाबलं की काय होतं. पहिल्या दोन वर्गांना तुम्ही अर्धा तास उशिरा पोचलात, तेही घरात बसून! पण तिसऱ्यापासून कोणाला हाक मारली नाहीत.

आणि ते प्रश्न! भोईर सर अर्थशास्त्र शिकवायचे, डोंबिवलीजवळच्या गावचे, बोलायला मोकळे, पण पोर्शन संपवायची घाई. ते पुढच्या पानावर गेले रे गेले की तुमचा चौकोन उजळायचा. "सर, परत सांगा."

"काय समजलं नाही, ताई?"

"सगळंच. पहिल्यापासून."

सर वैतागले की त्यांच्या घरची बोली बाहेर यायची. "अवं ताई, आता अजून कसा सांगू तुमाला?" आणि तरी सांगायचे. एकदा कोणीतरी चॅटमध्ये लिहिलं, 'आंटी को कोई समझाओ यार, पोर्शन कब खतम होगा.' मी ओट्यापाशी उभी होते, वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही काय केलंत? माइक चालू करून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलंत. "सर, इथे कोणीतरी लिहिलंय की आंटीला समजवा. मीही तेच म्हणतेय. समजवा."

वर्ग हसला. सर हसले. आणि मग मागणीची लवचिकता त्यांनी इतकी सावकाश सांगितली की भेंडी चिरता चिरता मलासुद्धा थोडी कळली.

कारण मी चिरतच असायचे ना काहीतरी! माझा कॅमेरा तीन वर्षांतली अडीच वर्षं बंद. एका कानात इयरफोन, हातात सुरी. शनिवारचा वर्ग क्लिनिकच्या काउंटरखाली ठेवलेल्या फोनवर. हजेरीच्या वेळी "येस सर" म्हटलं की माझं काम झालं. पडद्यावर माझं नाव दिसायचं, पांढऱ्या अक्षरात, व्यवस्थित. मला त्या नावाकडे बघून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? जणू मी शिकतेय.

तुम्ही एकदाच बोललात त्यावर. ताटं पुसता पुसता. "वैशाली, तुझं नाव वर्गात बसलेलं असतं. तू कुठे असतेस?"

मी म्हटलं, "मी ओट्यापाशी असते, ताई. कोणीतरी असावं लागतं."

त्या दिवसापासून रविवारची भाजी तुम्ही सकाळीच करून ठेवायला लागलात. म्हणजे मला कारण उरू नये! आणि मी? मी दुपारी दुसरी भाजी करायला घ्यायचे. आता कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण वर्गात बसायला लागू नये म्हणून मी घरात दोन-दोन भाज्या केल्यात. पाटी कोरी आहे हे चारचौघांत दिसण्यापेक्षा ओटा बरा वाटायचा.

आता ती गोष्ट. काल सांगितली ती.

दुसऱ्या वर्षी अर्थशास्त्राची असाइनमेंट होती. लवचिकता उदाहरणासह स्पष्ट करा. द्यायच्या दिवशी सकाळपर्यंत माझा कागद कोरा. तुम्ही आंघोळीला गेलात आणि मी तुमच्या वहीचे फोटो काढले. क्लिनिकमध्ये पेशंट नसताना भराभर उतरवून काढलं. वाचलं नाही, नुसतं उतरवलं. मधूनमधून फोन उचलत होते, नंबर देत होते, हात आपला चालू.

पुढच्या रविवारी भोईर सर म्हणाले, "एक उत्तर वाचून दाखवतो. छान आहे." आणि वाचायला लागले. 'मी गेली सव्वीस वर्षे ज्या महाविद्यालयात शिपाई आहे, तेथील कँटीनमध्ये वडा महाग झाला की मुले समोसा घेतात. पण परीक्षेच्या दिवसांत चहा कितीही महाग झाला तरी चहाची रांग कमी होत नाही.'

मला तरीही काही कळलं नाही, बघा. मला वाटलं, वा, ताईंचं उत्तर निवडलं.

मग सर म्हणाले, "आता हेच दुसऱ्या वहीत आहे. शब्दाला शब्द. सुनंदाताई, वैशालीताई, तुम्ही दोघी एकाच कॉलेजात शिपाई आहात का?"

चॅटमध्ये हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. ताई, मी स्वतःच्या हाताने लिहिलेलं की मी सव्वीस वर्षं शिपाई आहे! आणि मला पत्ता नव्हता!

सर म्हणाले, "कोणी कोणाचं घेतलं, त्यात मी पडत नाही. दोघींना शून्य. कोणाला काही बोलायचंय?"

मी स्वयंपाकघरात, तुम्ही बाहेरच्या खोलीत, मधे एक भिंत. मी वाट बघत होते की तुम्ही आता बोलाल. बोलायलाच पाहिजे होतं. कॉलेजात शिपाई तुम्ही, उत्तर तुमचं, तीन रविवार खपून लिहिलेलं. एक वाक्य पुरलं असतं.

"बरं, सर."

आधी भिंतीतून ऐकू आलं. मग एक-दोन सेकंदांनी इयरफोनमधून परत आलं. "बरं, सर." एवढंच. दोनदा.

आणि माझा चौकोन काळा. त्यात माझं नाव. माइकच्या खुणेवर बोट ठेवलेलं, भेंडीने चिकट झालेलं बोट. मी ते दाबलं नाही.

त्या दिवशी तुम्ही जेवायला बसलात आणि म्हणालात, "भेंडी छान झालीय." अहो ताई! ओरडायचं ना! ताट भिरकवायचं ना! संदीपला सांगायचं, तुझी बायको चोर आहे! मी दिवसभर ओरडा खायची तयारी करून बसलेले आणि तुम्ही भेंडीचं कौतुक करताय! असलं माणूस घरात असणं किती त्रासाचं असतं, तुम्हाला कल्पना आहे?

तीन आठवडे तुम्ही माझ्याशी कामापुरतं बोललात. मग एका संध्याकाळी गॅलरीत कपडे काढताना, माझ्याकडे न बघता म्हणालात, "चोरलंस ते जाऊ दे. पण तू ते न वाचता उतरवलंस गं. मला वाटलेलं, घरातलं एक तरी माणूस वाचेल."

आणि मी काय म्हणाले, आठवतंय? मी म्हणाले, "ताई, क्लिपा द्या इकडे."

क्लिपा! देवाशपथ म्हणायची आपल्या घरात पद्धत नाही, नाहीतर शपथेवर सांगितलं असतं की मला तेव्हा रडू येत होतं. पण तोंडातून क्लिपाच बाहेर आल्या.

असं वाटेल कोणाला की त्यानंतर मी सुधारले. कसली! कॅमेरा बंदच राहिला. फक्त तुमच्या वहीला हात लावणं सोडलं. परीक्षेच्या आधी तुम्ही मला बसवून प्रश्न समजवायचात आणि मी काठावर पास व्हायचे.

आता माझा खरा राग. इथे मला मध्ये बोलू नका.

सरांना तुम्ही एका तासात चार वेळा थांबवायचात. समजलं नाही तर पहिल्यापासून सांगा म्हणायचात. मग छातीत जळजळतंय, जिना चढताना डावा हात भरून येतोय, हे कोणाला विचारावंसं वाटलं नाही? मी क्लिनिकमध्ये काम करते, ताई! पेशंटचे नंबर मी लावते! किती वेळा म्हटलं, शनिवारी या, डॉक्टरांना दाखवू. "गॅस आहे गं. माझ्यासाठी लोकांचा खोळंबा कशाला?" वर्गात चाळीस जणांचा खोळंबा करताना तुम्हाला कधी संकोच वाटला नाही, आणि इथे वाटला?

मंगळवार होता. दुपारी बारा-साडेबारा. नोटीस घेऊन दुसऱ्या मजल्यावर निघालेलात, जिन्यातच बसलात. कॉलेजातल्या लोकांनी जवळच्या हॉस्पिटलात नेलं. खोपटच्या एसटी डेपोतून संदीप, क्लिनिकमधून मी, आम्ही डोंबिवलीला पोचेपर्यंत संपलेलं होतं. तिथल्या डॉक्टर बाई म्हणाल्या, "बरेच दिवस दुखत असणार. काही बोलल्या नाहीत का?"

संदीपने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला दोन महिने राहिलेले. दोन महिने! एवढं सगळं केलंत, घराला तीन वर्षं घाम काढायला लावलंत, आणि दोन महिने थांबला नाहीत?

विहारात तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तुमच्या कॉलेजातले प्राध्यापक आलेले. मागे चटईवर दाटीवाटीने बसलेले. एक बाई रडत होत्या, त्यांचा विषय इतिहास आहे म्हणे. पानिपतवाल्या त्याच का, हे मी विचारलं नाही.

तुमची पिशवी कॉलेजने दिली. डबा, चष्मा आणि वही. वहीच्या शेवटच्या पानावर तुम्ही लिहिलेलं, 'सरांना विचारायचे'. खाली अकरा प्रश्न. मी पहिल्यांदा तुमचं काहीतरी वाचलं, ताई. नीट, सावकाश. अकरापैकी एकाही प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. काही प्रश्नांत विचारलंय काय, तेच कळत नव्हतं.

त्या आठवड्यानंतरच्या रविवारी मी बाहेरच्या खोलीत, तुमच्या शिवणयंत्रावर फोन ठेवून बसले. सर हजेरी घेत होते. त्यांना माहीत नव्हतं. "सुनंदाताई?" कोणी बोललं नाही. "सुनंदाताई, आवाज येतोय का माझा?"

मी कॅमेरा चालू केला. केस विस्कटलेले, अंगात घरातला गाऊन, मागे वाळत घातलेले टॉवेल. म्हटलं, "सर, ताई गेल्या. मागच्या आठवड्यात, मंगळवारी."

सरांनी हजेरीची वही मिटली. मग म्हणाले, "आज वर्ग नको घेऊया."

"घ्या सर," मी म्हटलं. "त्यांचे अकरा प्रश्न राहिलेत. मी विचारू का?"

सरांनी पोर्शन बाजूला ठेवला. पूर्ण तास तुमचे प्रश्न झाले. चॅटमध्ये कोणी काही लिहिलं नाही. चौथ्या प्रश्नाचं उत्तर सांगून सर पुढे निघाले आणि मी म्हटलं, "थांबा सर, मला नाही समजलं." हा प्रश्न तुमच्या वहीत नव्हता. माझा होता. अडीच वर्षांतला पहिला.

दोन महिने मी तिथेच बसले. घरात कोणी मिक्सर लावला की मी तिथून ओरडायचे. प्राची म्हणाली, "आई, तू आत्या झालीयेस." मी तिलाही ओरडले.

परीक्षेला कल्याणला गेले तर तुमचा नंबर माझ्या पुढेच. फॉर्म एकत्र भरलेले ना! बाकावर खडूने तुमचा क्रमांक. पर्यवेक्षक रोज त्या बाकाशी थांबायचे आणि मला विचारायचे, "या येणार आहेत का?" रोज! एकदा सांगितलेलं लक्षात राहू नये माणसाच्या? पाचव्या पेपरला मी म्हटलं, "नाही येणार हो, लिहून ठेवा कुठेतरी!" सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मग मान खाली घालून पेपर लिहिला. अर्थशास्त्राचा होता. लवचिकता आलेली. मी कँटीनचं उदाहरण लिहिलं नाही. क्लिनिकचं लिहिलं. तपासणी महाग झाली तरी तापाने फणफणलेलं मूल घेऊन आई येतेच, पण नुसतं वजन-रक्तदाब बघायला येणारे कमी होतात. माझं मी लिहिलं, ताई. द्वितीय श्रेणी मिळाली.

तर काल. पडद्यावर साठ-पासष्ट चौकोन, बहुतेक काळे, नावंच नावं. भोईर सर होते, सबनीस मॅडम होत्या. मॅडमनी माझी इतकी ओळख करून दिली की मला फोन बंद करून पळून जावंसं वाटलं. मी कागद उचलला. 'नियमित हजेरी.' आणि मला माझाच इतका संताप आला की मी तो खाली ठेवला.

म्हटलं, "माझी हजेरी नियमित होती. मी मात्र नव्हते. आणि दुसऱ्या वर्षी मी चोरी केलेली." सगळं सांगितलं. फोटो, शिपाई, भेंडी, "बरं, सर", सगळं. तुमचं नाव घेऊन. मध्ये सबनीस मॅडम "वैशालीताई, वेळ..." म्हणाल्या. मी थांबले नाही.

एकीने विचारलं, "मॅडम, मग यशस्वी विद्यार्थी कसा असतो?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं. "मी एकच बघितलीय. ती फार त्रास द्यायची. पंखा बंद करायची, साडी बदलायची आणि न समजलेलं समजलं असं कधीही म्हणायची नाही. आणि तिची वही कोणी वाचली तर तिला बरं वाटायचं. एवढंच सांगता येईल."

एकही चौकोन हलेना. मला वाटलं नेट गेलं. मग सरांचा आवाज आला. "वैशालीताई, मला तेव्हाच माहीत होतं. कँटीनचं उदाहरण चालेल का, हे सुनंदाताईंनी मला आधी फोन करून विचारलेलं."

मी चिडलेच. साठ लोकांसमोर! "मग सर, दोघींना शून्य का दिलंत?"

"वाटलं, तुम्ही बोलाल. पंधरा दिवस वाट बघितली. मग कामात राहून गेलं. त्यांचे मार्क परत द्यायचे होते मला." मग घरच्या बोलीत म्हणाले, "ते काय झालाच नाय बघा."

म्हणजे काय, ताई? सरांना माहीत, तुम्हाला माहीत, मला माहीत. आणि तिघंही गप्प! हे तुमचं मोठेपण मला आता अजिबात ऐकवू नका. तुम्ही "सर, ते माझं आहे" एवढं म्हटलं असतंत, तर मी चार दिवस तोंड लपवलं असतं, रडले असते, आणि कदाचित दुसऱ्या वर्षीच तुमच्या शेजारी येऊन बसले असते. एक टेबल, दोन खुर्च्या. एक वर्ष तरी बसलो असतो आपण. मला कायम तुमच्यासमोर चोर म्हणून उभं ठेवलंत आणि वर भेंडी छान म्हणालात. आणि मी? मला तुमची एकदा माफी मागायला किती संध्याकाळी होत्या! एकाही संध्याकाळी नाही जमलं. आता मागते. चुकलं माझं, ताई.

वर्ग संपल्यावर सबनीस मॅडमचा फोन आला. "जरा टिपा दिल्या असत्या तर बरं झालं असतं," म्हणाल्या. मी म्हटलं, "हो मॅडम, पुढच्या वेळी." पुढच्या वेळी त्या मला बोलावणार नाहीत. सुटले.

पण आज सकाळी निराळंच झालं. संदीप दूध घेऊन जिना चढून आला आणि उंबऱ्यात उभा राहिला. हात चौकटीला. मी विचारलं, काय झालं? "काही नाही गं. गॅस." हुबेहूब तुमचा आवाज, ताई! तोच सूर, तेच ते हसणं. शेवटी बहीण-भाऊच तुम्ही! गेले दोन-तीन महिने असं होतंय म्हणे. दोन-तीन महिने! आणि मी नौपाड्यात बसून सगळ्या ठाण्याचे नंबर लावतेय!

मी त्याच्या हातातलं दूध घेतलं आणि त्याच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. उद्या अकराला पहिला नंबर त्याचा. "डेपोत काम आहे, पुढच्या आठवड्यात बघू," म्हणाला. मी म्हटलं, डेपो कुठे पळून जात नाही. त्याने टीव्ही लावला. मी टीव्हीची वायर काढली. आत्ता तो बाहेर तोंड फुगवून बसलाय आणि मी तुम्हाला लिहितेय.

ताई, तुम्हाला शब्द देते. उद्या मी त्याच्याबरोबर आत जाणार, काउंटरवर थांबणार नाही. ईसीजीची पट्टी काढायला सांगितली तर काढून घेणार, मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं तर त्याच दिवशी नेणार. डॉक्टर इंग्रजीत भराभर बोलले, तर मी मान डोलावून बाहेर येणार नाही. बाहेर रांग असो, बेल वाजो, डॉक्टर वैतागोत. मला नीट कळेपर्यंत मी त्या खुर्चीवरून उठणार नाही.

तुमच्यावर अजून रागावलेली,
तुमची भावजय
वैशाली